हलक्या बंदुकीचा धक्का

गुडघे गेले, तेव्हा मी जुनी जड बंदूक विकून अडीच किलोची घेतली. काडतूस मात्र तेच ठेवलं, आठ मिलिमीटरचं. आमच्या कड्यांवरच्या रानशेळ्या मी चाळीस वर्षं त्यानेच मारल्या. एकही जखमी करून मागे सोडली नव्हती.

"काका, साडेसहाचं घ्या," आमच्या शिकारमंडळाचा गाश्पर म्हणाला. "एवढ्या हलक्या बंदुकीत आठचं म्हणजे गाढवाची लाथ."

"साडेसहाचं तुझ्या बायकोला दे. चिमण्या मारील."

"ती तुमच्यापेक्षा बरी मारते."

नेम जुळवायला नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तिसऱ्या बारालाच खांदा काळानिळा झाला. चौथ्या वेळी गाश्परने बंदूक भरायला घेतली आणि माझ्या हातात दिली. मी चाप ओढला. नुसता खट्ट आवाज आला, पण नळीचं तोंड खाली झुकलं. त्याने काडतूस घातलंच नव्हतं. मागची माणसं हसली.

"पाहिलंत? बार उडायच्या आधीच दचकताय. खांद्याने धास्ती घेतलीय."

"समोर जनावर असलं की नाही दचकणार."

ऑक्टोबरात मला एक म्हातारी रानशेळी मारायची परवानगी मिळाली. गाश्पर त्याचा कुत्रा घेऊन सोबत होता. दीडशे मीटरवर ती आडवी उभी राहिली. मी दचकलो, आणि ते मला लगेच कळलं. तिचा मागचा पाय लोंबकळला. तीन पायांवर ती खडकांआड गेली.

संध्याकाळपर्यंत रक्ताचा माग काढला. कड्याच्या टोकाशी कुत्रा थांबला.

"इथून पुढे दोर लागेल," गाश्पर म्हणाला. "उद्या माणसं आणू."

खाली शिकारमंडळाच्या झोपडीत बाकीचे दारू पीत बसले होते. जनावर मिळालं की आमच्यात रक्तात बुडवलेली हिरवी फांदी टोपीत खोचतात. सगळ्यांनी आधी माझी टोपी पाहिली.

"रिकामी? नेम चुकला काय हो?"

"चुकला," मी म्हणालो. "गोळी वरून गेली."

कुणीतरी हसून पेला पुढे केला. साफ चुकण्यात लाज नसते.

गाश्पर दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेला. मी मागोमाग गेलो.

"उद्या किती वाजता निघायचं?"

"कशाला? चुकलेल्या गोळीमागे दोर घेऊन कोण येणार, काका?"

आत जाऊन खरं सांगायला दहा पावलं पुरली असती. मी पेला हातात धरून तिथेच उभा राहिलो. गाश्परची गाडी वळणाआड गेली, तरी उभाच होतो.