बाकी उरली

बायकोने पायडलवरचा पाय उचलला. शिलाई मशीन थांबलं, पण टेबलाखालची रोजची घरघरही ऐकू येईना.

"अहो, तुमचा कॉम्प्युटर गप्प झालाय."

मास्तर खाटेवर ताडकन उठून बसले. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, नाहीतर धावलेच असते. लाखो अंकांची एक संख्या मूळ आहे की नाही, हे तो कॉम्प्युटर गेल्या उन्हाळ्यापासून तपासत होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एवढंच एक व्यसन लावून घेतलं होतं. लोक हसायचे. बायकोने मात्र कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून मलमलची झूल शिवली होती, आणि उकाड्यात घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्याकडे वळवून स्वतः घाम पुसत शिवत बसली होती.

"शेवटची ओळ वाच," मास्तर म्हणाले.

या तपासणीत एक गंमत होती. एरवी मूळ संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भागा, बाकी उरतेच. इथे मात्र सगळा कारभार उलटा. एवढ्या महिन्यांच्या आकडेमोडीनंतर शेवटी बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. ही गंमत बायकोला सांगावी, हे मास्तरांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिला ठाऊक होती ती पहिलीच गोष्ट: मूळ संख्येला बाकी उरतेच. लग्न नवं असताना तिच्याच डब्यातली सात बटणं घेऊन त्यांनी ती शिकवली होती. दोन-दोन मांडली, तीन-तीन मांडली, दर वेळी एक उरलं.

"म्हणजे हट्टी संख्या," ती म्हणाली होती. तेव्हापासून या घरात मूळ संख्येला हट्टीच म्हणत.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बायको ओरडलीच.

"उरली! अहो, बाकी उरली! सात, चार, चार, नऊ... केवढी उरलीय! हट्टी आहे तुमची, हट्टी!"

मास्तरांनी तोंड उघडलं. निमंत्रणपत्रिकेतल्या चुकाही लाल शाईने सुधारणारा माणूस तो. पण तोवर ती खाटेवर येऊन बसली होती. त्यांचे दोन्ही हात धरून लहान मुलीसारखी हलवत होती. इतके महिने आपण एकटेच वाट पाहतोय, असं मास्तर समजत होते. त्यांना एकदम भरून आलं.

"हो," ते म्हणाले. "हट्टीच."

"रडताय काय! डॉक्टर ओरडतील."

"आनंदाचं आहे गं."

ते खरंच होतं. तिचे आभार कसे मानायचे ते मात्र त्यांना सुचेना.

"पट्टी सुटली की दुसरी संख्या लावू तपासायला," ते म्हणाले. "दोघं मिळून."

"आता कशाला? मिळाली की!"

"एकीवर कुठे भागतंय?"

"या वयात शोभतं का हे?" ती हसू लागली. "एकीवर भागवायला शिका आता."

"भागवतोयच की," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तिचे हात सोडले नाहीत.