डाव्या बाजूचा आळ

बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं. मी अ‍ॅम्प्लिफायर. तबकडीवरचा बारीकसा आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि दोन्ही स्पीकरांना सारखा वाटून द्यायचा, एवढंच माझं काम. त्या सारखेपणावरूनच माझ्यावर वर्षभर आळ होता. आज माझं स्वतःचं सांगतो.

हाँगकाँगच्या शाम शुई पो बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत माझा जन्म झाला. पोटात दिव्यासारखे पेटणारे काचेचे व्हॉल्व्ह, अंगावर जाड पत्रा, वजन असं की उचलणाऱ्याने आधी देवाचं नाव घ्यावं. दोन घरं फिरून मी मोक काम-हुंगच्या हाती लागलो. मोक मिनीबस चालवायचा. दिवसभर हॉर्न आणि शिव्या ऐकून घरी आला की तोंड धुवून माझ्यासमोर बसायचा.

आमचं जुळायला वेळ लागला. पहिले स्पीकर भारी खादाड निघाले. त्यांना पुरवता पुरवता माझा जीव मेटाकुटीला यायचा. दुसरे जरा आवाज वाढवला की किंचाळायचे. शेवटी बंद पडलेल्या एका चहाघरातले लाकडी स्पीकर आले, थोडक्यात समाधान मानणारे. मोकने वायरी बदलून बदलून पाहिल्या, एक स्पीकर खिडकीपाशी ठेवला, एक दारापाशी, आणि समोर मधोमध खुर्ची मांडली. त्यापायी जेवणाचं टेबल घडी होऊन पलंगाखाली गेलं. आपलं लग्न जुळवताना याच्या निम्मीही खटपट झाली नव्हती, असं त्याची बायको युत-सिम म्हणायची आणि भाताचं वाडगं मांडीवर घेऊन जेवायची. पण गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभी राहिल्यासारखी ऐकू आली, की तीही घास थांबवायची.

मोकच्या कानाला मान होता. त्याचा दोस्त थाम त्याला विचारल्याशिवाय साधी वायरही घेत नसे.

मग एका हिवाळ्यात मोक म्हणाला, डावी बाजू मंद येतेय. डावी म्हणजे खिडकीकडची. त्याने व्हॉल्व्ह बदलले, वायरी बदलल्या, स्पीकरांची अदलाबदल केली. मंदपणा खिडकीपाशीच राहिला. खिडकीला जाड पडदा लावला, तो काढलाही. शेवटी बोट माझ्याकडे वळलं. थाम येऊन ऐकून गेला आणि म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या आहेत. मोकने त्याला लाकडी कानाचा ठरवलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

माझा जीव तळमळायचा. पण कुणी बोलायला लावल्याशिवाय मला बोलता येत नाही.

त्याच सुमारास मिनीबसमधले लोक मोकवर चिडू लागले. आमच्याकडे उतरायची जागा आली की मागून ओरडून सांगायचं असतं. ते ओरडायचे आणि हा गाडी पुढे काढायचा. घरी येऊन म्हणायचा, हल्लीच्या लोकांच्या आवाजात दमच नाही. सकाळी थुंकीत रक्त दिसायचं, ते त्याच्या मते उष्णतेचं. तळण बंद करून तो कोपऱ्यावरच्या दुकानातला कडू काढा पिऊ लागला. युत-सिम डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागायची.

"अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय, मी नाही," एवढंच त्याचं उत्तर.

एका रविवारी तो अंघोळीला गेला असताना तिने खुर्ची फिरवून ठेवली, आमच्याकडे पाठ करून. तो बाहेर आला तेव्हा खांद्याला धरून त्याला बसवलं आणि तबकडी लावली.

"हे काय नवीन?"

"ऐक आणि सांग, कुठली बाजू मंद आहे."

आता खिडकीकडचा स्पीकर त्याच्या उजव्या कानाशी होता आणि त्याला तो लख्ख ऐकू येत होता. मंद झाला होता तो दाराकडचा, ज्याच्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नव्हती. गाणं संपेपर्यंत मोक हलला नाही.

"दाराकडची," तो म्हणाला. "पण ती तर चांगली होती ना."

"दोन्ही चांगल्या आहेत," युत-सिम म्हणाली. "शर्ट घाल. जाऊ या."

नाकाच्या मागे कॅन्सरची गाठ होती. तिनेच डावा कान आतून दाबून धरला होता. आमच्या भागात हा रोग नवा नाही. लवकर सापडला तर माणूस बरा होतो. मोकचा तोवर मानेत आणि हाडांत उतरला होता. उपचारांनी तोंडाची लाळ सुकली, मग उजवा कानही गेला. शेवटी शेवटी तो माझ्या तापलेल्या पत्र्यावर नुसता हात ठेवून बसायचा. नवं वर्ष लागायच्या आधी तो गेला. मला फार दुःख झालं, आणि त्याचा रागही आला, कारण त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

बराच काळ मी चादरीखाली होतो. परवा थाम मला न्यायला आला. आधी वाजवून बघू म्हणून खुर्ची आमच्याकडे वळवून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "वहिनी, खिडकीकडची बाजू मंद येतेय."

युत-सिम धावत आली. तिने त्याला उठवलं, खुर्ची उलटी केली, परत बसवलं.

"आता कुठली?"

थाम घाबरून ऐकत राहिला. "खिडकीकडचीच."

"नीट ऐका, भाऊजी."

"खिडकीकडचीच आहे, वहिनी. याचा व्हॉल्व्ह गेलाय."

ती तिथेच जमिनीवर बसली आणि हसता हसता रडू लागली.

थामचं खरं आहे. माझी डावी बाजू थकली आहे आणि या खेपेला दोष माझाच आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या वायरी खुशाल बदला, पण आधी खुर्ची फिरवून बसा. हाच दोष तेव्हा माझ्यात असता, तर मोक आज समोर बसून मला शिव्या देत असता.