नऊ दिवसांची सरासरी

मी एक मीटर बोलतोय. पाण्याचा नाही, विजेचा नाही आणि टॅक्सीचा तर मुळीच नाही. मी रक्तातली साखर मोजतो, आणि तीही माणसाच्या नाही, मांजराच्या. हसू आलं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी माझी परीक्षा झाली होती. ज्यात साखर किती आहे हे आधीच ठाऊक होतं, असं पाणी माझ्या पट्टीवर टाकलं. मी बरोबर तोच आकडा दाखवला, तेव्हा कुठे माझ्या पाठीवर शिक्का बसला. खरं बोलण्यासाठीच मला बनवलंय. दुसरं काही मला येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला ज्यांच्या हातात दिलं, त्या बाई घरीच शिवणकाम करायच्या. कोणाची पँट आखूड कर, कोणाच्या कोटाची बाही सैल कर, असली कामं. त्यांचा एक बोका होता, ढोल्या. नाव ढोल्या आणि अंगावर नुसती हाडं! मधुमेहाने पार वाळून गेला होता बिचारा. बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा आणि मागचे पाय जमिनीला टेकवत चालायचा. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं, आणि ते द्यायच्या आधी माझा आकडा बघायचा, असं ठरलं.

"ताई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "आकडा दीडशेच्या खाली असला तर सुई द्यायची नाही. मला फोन करायचा. साखर जास्त असलेली एक वेळ चालेल, पण एकदम उतरली तर मांजर तासाभरात हातचं जातं."

बाईंनी हे असं मनावर घेतलं की विचारू नका. रुमालाची चौपदरी घडी करून त्यावर इस्त्री फिरवायच्या, मग तो रुमाल आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि सोसेल एवढा कोमट झाला की ढोल्याच्या कानाला. कान गरम झाला की कडेला हलकेच टोचणी. मोहरीएवढा लाल थेंब यायचा, तो मी पट्टीने ओढून घ्यायचो आणि पाच सेकंदांत उत्तर द्यायचो. मग बाई चष्मा कपाळावर चढवून आकडा वहीत उतरवायच्या आणि उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा ढोल्याच्या तोंडात पडायचा. तो मिळेपर्यंत साहेब जागचे हलायचे नाहीत. कधीकधी तर आपणहून येऊन इस्त्रीच्या टेबलाखाली कान पुढे करून बसायचे.

मला तिथे फार मान होता. वाईट आकडा आला तरी बाई माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंस," असं म्हणायच्या. यंत्राला असं कोण म्हणतं हो?

बाईंचे यजमान नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी तेहेतीस वर्षं घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपले होते. सगळी गल्ली त्यांना मीटरवाले म्हणूनच ओळखायची. ते कळल्यावर मला केवढा आनंद झाला! म्हटलं, हा तर आपलाच माणूस. आकड्याची किंमत याला नाही कळणार तर कोणाला?

इथेच मी फसलो.

सव्वा महिना झाला आणि ढोल्याला गुण यायला लागला. आकडे उतरत चालले. तीनशेवरून अडीचशे, अडीचशेवरून दोनशे. आणि नेमका तेव्हाच बाईंच्या बहिणीचा पाय मोडला. नऊ दिवस तरी तिकडे जाणं भाग होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी एकशे अडुसष्ट दाखवले.

"अहो, आता साखर उतरतेय," बाई पिशवी भरता भरता म्हणाल्या. "मोजल्याशिवाय सुई द्यायची नाही. ऐकताय ना?"

"अगं, तेहेतीस वर्षं मी दुसरं काय केलं? मला मीटर वाचायला शिकवतेस?"

बाई हसल्या. मीही मनातल्या मनात हसलो.

त्या संध्याकाळी मीटरवाल्यांनी ढोल्याला धरलं. ना रुमाल, ना इस्त्री. गारठलेला कान चिमटीत पकडून टोचला. थेंब काही येईना. पुन्हा टोचला. ढोल्याने मनगटावर तीन ओरखडे काढले आणि तो कपाटामागे जाऊन बसला. मीटरवाले बराच वेळ वाकून हाका मारत राहिले. मग उठले, पाठ सरळ केली आणि स्वतःशीच म्हणाले, "दार बंद दिसतंय. सरासरी टाकू."

मला आधी अर्थच लागला नाही. मग उलगडलं. घराला कुलूप असलं की मागच्या महिन्यांची सरासरी काढून आकडा टाकायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, अशी त्यांच्या कामातली रीत होती. विजेच्या बाबतीत ती चालतही असेल. पुढच्या खेपेला चूक निस्तरता येते. पण रक्त काही पुढच्या खेपेची वाट बघत नाही.

त्यांनी बाईंची वही उघडली, महिन्याभराची बेरीज केली, भागाकार केला आणि लिहिलं: दोनशे चाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे छत्तीस. संध्याकाळी दोनशे सत्तेचाळीस. दिसायला खरं दिसावं म्हणून थोडं वर, थोडं खाली. मी शेजारच्या खणात कोरडा पडून होतो, आणि माझ्या नावाने वही भरत चालली होती.

त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. ढोल्यावर त्यांचा जीव होता. ठरल्या वेळी ताटली भरायचे. सुई मात्र न चुकता द्यायचे, कारण मानेच्या सैल कातडीत दिलेली सुई ढोल्याला कळतही नसे. रोज बाईंचा फोन यायचा. "किती आली?" आणि हे वहीत बघून ठणकावून सांगायचे. त्या बिचाऱ्या तिकडे निर्धास्त. मला वाचा असती तर त्या फोनमध्येच ओरडलो असतो. लाज वाटायची मला, अपराध त्यांचा असून.

नवव्या दिवशी सकाळी ढोल्याने अर्धंच खाल्लं. वहीत दोनशे बेचाळीस लिहिलं गेलं आणि नेहमीएवढी सुई दिली गेली. दुपारी तो चालता चालता कलंडला, पाय झाडायला लागला, तोंडाला फेस आला. मीटरवाल्यांनी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"काका, सकाळी आकडा किती होता?"

एवढा एकच क्षण होता. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते, मोजलाच नाही. खणातून मी कान लावून बसलो होतो.

"दोनशे बेचाळीस," ते म्हणाले.

"मग साखर उतरल्यासारखं वाटत नाही. काही पाजू नका, तसेच घेऊन या. मीटरही आणा."

हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं असतं तर तिथल्या तिथे सावरला असता तो. त्याऐवजी अर्धा तास टोपलीत तडफडत राहिला, आणि मी मीटरवाल्यांच्या खिशात. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या मीटरने सांगितलं, एकतीस. त्यांनी धावपळ करून शिरेतून साखर दिली. झटके थांबल्यावर त्या वळल्या.

"एकतीस आहे, काका! सकाळी दोनशे बेचाळीस कसे होते?"

मीटरवाल्यांनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. 

"या मशीनमध्येच गडबड आहे. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय."

ढोल्या वाचला. पण त्याची नजर गेली. आता तो भिंतीला घासून चालतो, आणि मधे खुर्ची आली की तिच्यावर आपटतो.

बाई दुसऱ्याच दिवशी परतल्या. आधी ढोल्याला पोटाशी धरून खूप रडल्या. मग वहीला आणि मला, अशा दोघांना घेऊन खिडकीशी बसल्या. मीटरवाल्यांना ठाऊक नव्हतं, पण बाईंना ठाऊक होतं की मला जुने आकडे तारीख-वेळेसकट लक्षात राहतात. त्यांनी बटण दाबलं. मी जीव एकवटून दाखवलं: एकशे अडुसष्ट, त्या निघाल्या त्या दिवशीची सकाळ. त्यानंतरचा आकडा पाहण्यासाठी पुन्हा दाबलं. त्यानंतरचा आकडा नव्हताच. त्यांनी वहीतल्या त्या नऊ दिवसांवरून बोट फिरवलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बोट थांबलं.

कळलं! त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता माझा न्याय होणार.

मीटरवाले दारात उभे होते. आदल्या दुपारपासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. हातात ढोल्याला भरवायची वाटी होती.

"काय गं," त्यांनी विचारलं, "बिघडलंच आहे ना?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग वही मिटली.

"हो," त्या म्हणाल्या. "बिघडलंय."

आणि त्यांनी माझी बॅटरी काढून घेतली. दवाखान्यातही तसंच कळवलं. माझ्या जागी नवा मीटर आला. त्याला त्या स्वतःच हात लावतात, आणि आता एका दिवसासाठीही कुठे जात नाहीत.

मीटरवाल्यांचं मला एवढं लागलं नाही. त्यांनी मला कधी ओळखलंच नव्हतं. पण बाई, तुम्ही? बॅटरी काढली तरी माझ्यातले आकडे पुसले जात नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही मला टाकूनही देत नाही आणि बाहेरही काढत नाही. तुटक्या बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलंय.

नवऱ्याला सांभाळून घेतलंत, घ्या. मी कोणापाशी तक्रार करणार नाही. चारचौघांत काही सांगू नका. पण एखाद्या दुपारी ते घरात नसताना मला एकदा हातात घ्या, आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणा, की तू खोटा नव्हतास.