रोज एक पान

लेखकरावांनी आयुष्यात एकही गोष्ट लिहिलेली नव्हती, पण नाव मात्र पक्कं पडलं होतं. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात ते सव्वीस वर्षं लोकांच्या छात्या, गुडघे आणि मणके टिपत आले होते. गेल्या वर्षी मुख्य परिचारिका निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाचं भाषण यांनी लिहून दिलं आणि ते ऐकून बाई रडल्या. बाई तशा चहा सांडला तरी रडायच्या, पण हे यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं आणि घरी येऊन जाहीर केलं, की उद्यापासून रोज सकाळी सहा ते सात लिहायला बसणार. रोज एक पान, म्हणजे वर्षात पुस्तक तयार. मुखपृष्ठाचा रंगसुद्धा त्याच संध्याकाळी ठरला.

बायको शिवणकाम करायची. घरात चांगल्या उजेडाची जागा एकच, खिडकीजवळचं टेबल, आणि त्यावर तिचं मशीन. लिहायला उजेड लागतो असं हे म्हणाले. तिने काही न कुरकुरता मशीन उचललं आणि दाराजवळच्या बोळात दिव्याखाली नेऊन ठेवलं; एवढं जड मशीन रोज इकडून तिकडे करणं शक्य नव्हतं.

"एकच सांगते," ती म्हणाली. "खरंच लिहिणार असाल तर टेबल तुमचं. ज्या दिवशी थांबाल, त्या दिवशी मला सांगा. उजेड मलाही लागतो."

"थांबतोय कशाला," लेखकराव म्हणाले.

आणि ते थांबले नाहीत हे खरंच. थांबायला आधी सुरू व्हावं लागतं. जाड पुठ्ठ्याची वही आली, तीन पेनं आली, भिंतीवर तारखांचा तक्ता लागला. तक्त्यावर ते रोज सहाच्या ठोक्याला बरोबरची खूण करत. इस्पितळात यंत्र सुरू करण्याआधी तपासणीचा असाच तक्ता भरायचा असतो, आणि सव्वीस वर्षांत लेखकरावांच्या हाताला वळण लागलं होतं की आधी सगळ्या खुणा करून टाकायच्या, मग तपासायला उठायचं. तिथे ते उठायचे. घरी खूण झाली की इतकं समाधान वाटायचं की पुढचं राहूनच जायचं.

वहीच्या पहिल्या पानावर होतं, "आजपासून सुरुवात." दुसऱ्यावर, "कालची सुरुवात मनासारखी झाली नाही, म्हणून आजपासून." नवव्या दिवशी त्यांनी निळ्या पेनापेक्षा काळं पेन कसं बरं, यावर चार ओळी खरडल्या होत्या, आणि आतापर्यंतचं सर्वांत दमदार लेखन तेच होतं. चाळिसाव्या दिवसापासून नुसत्या तारखा. उरलेला तास ते खिडकीबाहेर बघत आणि समोरच्या बाल्कनीतल्या माणसाच्या व्यायामात मनातल्या मनात चुका काढत.

बायको चहा घेऊन पाय न वाजवता यायची, तक्त्याकडे एकदा बघायची आणि तशीच परत जायची. कामावर जायच्या आधी मापं द्यायला आलेल्या बायकांना ती बोळात दबक्या आवाजात सांगायची, "जरा हळू हं, आत लिहिणं चाललंय." मग लेखकराव घाईघाईने वहीत तोंड खुपसायचे.

खुणांची संख्या एकशे चाळीसच्या आसपास गेली, त्या आठवड्यात बायकोला मोठं काम मिळालं. एका वाद्यवृंदातल्या वादकांचे कोट, बावीस, सगळे काळे. काळं कापड, काळा दोरा आणि वर तो पिवळा दिवा. तिसऱ्या दिवशी तिने दोन बाह्या उलट्या लावल्या आणि सगळी संध्याकाळ त्या उसवत बसली.

"पुस्तक कुठवर आलं हो?" तिने डोळे चोळत विचारलं.

"निम्म्यावर," लेखकराव म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांना सुचलेलं हे सर्वांत सफाईदार वाक्य.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले ते मनाशी ठरवूनच, की आज एक तरी ओळ लिहायची. दुपारी एक आजोबा आले, छातीचा एक्स-रे काढायला. सदरा काढून, फळीला छाती टेकवून, हनुवटी वर करून सांगितल्याबरहुकूम उभे राहिले. लेखकराव काचेमागे गेले.

"खोल श्वास घ्या. रोखून धरा."

या एका क्षणी त्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असते. घरच्या खिडकीत एकशे बेचाळीस दिवस न फिरकलेलं वाक्य नेमकं तेव्हा आलं. लेखकरावांनी बटणावरचा हात काढून पेन उचललं आणि आजोबांचं नाव आणि फोन नंबर असलेल्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, "सूर्याने आपली सोनेरी पिसं आवरली आणि तो क्षितिजाच्या कुशीत शिरला." मग 'शिरला' खोडून 'विसावला' केलं. 'विसावला' जरा म्हातारं वाटलं म्हणून पुन्हा 'शिरला' केलं. मान वर केली तेव्हा आजोबांचे कान लालबुंद झाले होते.

"सोडा, सोडा. श्वास सोडा."

आजोबांनी फळीला धरूनच दम खाल्ला. "मघाशीच विचारणार होतो, सोडू का म्हणून," ते म्हणाले, "पण विचारायला श्वास लागतो." मग त्यांची नजर लेखकरावांच्या हातातल्या पेनाकडे आणि खोडाखोड केलेल्या चिठ्ठीकडे गेली. "तुम्ही काहीतरी लिहून घेतलंत. खोडलंतसुद्धा. काही वाईट दिसलं का?"

दिसणार काय, यंत्राचं बटण दाबलंच नव्हतं. तेवढं कबूल केलं असतं तर काम झालं असतं. पण लेखकरावांची पाचावर धारण बसली, आणि घाबरलेल्या पेशंटला द्यायचं ठरलेलं उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"रिपोर्ट उद्या डॉक्टर सांगतील. हलू नका."

दुसऱ्या वेळी एक्स-रे नीट निघाला. आजोबांना मात्र सदऱ्याची बटणं लावता येईनात. एक बटण दोनदा चुकीच्या काजात गेलं, मग ते तसंच ठेवून ते बाहेर पडले. त्यांना हाक मारावी असं लेखकरावांच्या मनात आलं, पण रांगेत तिघं होते, आणि वाक्य हरवू नये म्हणून ती चिठ्ठी खिशात ठेवायची होती.

संध्याकाळी घरी आले तर बायको सुई नाकाशी धरून दोरा ओवत होती. तीन वेळा दोरा बाजूने गेला. लेखकराव चपलासुद्धा न काढता तिच्यासमोर बसले.

"मी लिहीत नाही," ते म्हणाले.

"आज नाही जमलं का?"

"कधीच नाही. खुणा एकशे बेचाळीस आहेत. पान एकही नाही."

तिने सुई सुयांच्या गादीत टोचून ठेवली. "कालचं निम्मं?"

"थाप."

मांडीवरचा कोट ती घडी घालून बाजूला ठेवू लागली. तिने चांगली खरडपट्टी काढावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. "मशीनचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मी लोकांना गप्प बसवत होते हो. माझा नवरा लिहितोय म्हणून." लेखकरावांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती कोणत्याही सुंदर शब्दात मांडावी असं एकदाही मनात आलं नाही.

सकाळी सहाला त्यांनी मशीन स्वतः उचलून खिडकीशी नेलं आणि आपण स्टूल घेऊन बोळात बसले, मांडीवर वही. तक्ता रात्रीच भिंतीवरून उतरवला होता, त्यामुळे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यांनी त्या आजोबांबद्दल लिहायला घेतलं. हात कसा चालला त्यांचं त्यांना कळलं नाही. सात वाजता बघतात तर दीड पान. लेखकरावांच्या पोटात आनंद मावेना.

"वाचून दाखवू?" त्यांनी आत जाऊन विचारलं.

"दाखवा. पण मी हात थांबवणार नाही, बाह्या लावायच्यात."

ते वाचू लागले. 'विचारायला श्वास लागतो' ऐकून ती हसली, पण मशीन चालूच. मग ते शेवटाकडे आले. त्यात लेखकराव रांग तशीच सोडून आजोबांच्या मागे धावतात, त्यांच्या सदऱ्याची बटणं नीट लावून देतात, आपली चूक कबूल करतात आणि दोघं बाकावर बसून चहा पितात. चहाचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचलं. मशीन थांबलं.

"गेला होतात त्यांच्या मागे?" बायकोने विचारलं.

"अगं, गोष्ट आहे ती. गोष्टीत थोडंफार..."

"गेला होतात का?"

"नाही."

"म्हणजे ते बिचारे अजून घोर लावून बसलेत," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथे त्यांना चहा पाजताय."

चिठ्ठी खिशातच होती. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला आजोबांचा फोन नंबर. पहिल्याच घंटेला आजोबांनी फोन उचलला, जणू शेजारीच बसून होते. लेखकरावांनी काहीही न सजवता सगळं सांगितलं, बटण दाबलं नव्हतं इथपासून. 

"म्हणजे तुम्हाला काही दिसलं नव्हतं," आजोबा म्हणाले.

"नाही. छातीचं काय ते डॉक्टरच सांगतील, पण मी लिहीत होतो ते तुमच्याबद्दल नव्हतं. माझी चूक झाली. मी कालच सांगायला हवं होतं."

"मग काय लिहीत होतात?"

"एक ओळ होती. गोष्टीची."

"वाचा."

"आता कशाला, आजोबा."

"वाचा हो. काल दुपारपासून मी त्या ओळीला भितोय. कळू तर द्या."

लेखकरावांनी बायकोकडे पाहिलं. ती मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होती आणि सुटका करायचा तिचा काही विचार दिसत नव्हता. त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि सोनेरी पिसांसकट, क्षितिजाच्या कुशीसकट ती ओळ वाचली. मोठ्याने वाचताना ती फारच लांबली.

पलीकडे आजोबांनी मोठा श्वास सोडला.

"सूर्य मावळला, एवढंच म्हणा की," आजोबा म्हणाले. "बरं, ठेवतो आता. जरा झोपतो."