बोलल्याची वही

आठ महिने झाले होते, माझी लेक माझ्याशी आमच्या भाषेत एक शब्द बोलली नव्हती. रुसली असती तर समजूत काढली असती. आजारी असती तर दवाखान्यात नेलं असतं. ती तर धडधाकट होती, वर्गात पहिल्या तिनांत येत होती, आणि मी आमच्या भाषेत काही विचारलं की शाळेच्या भाषेत उत्तर देत होती. तेही मान वर न करता, खिडकीमागचा कारकून देतो तसं.

लहानपणी तिला आम्ही कात्री म्हणायचो. समोरच्याचं वाक्य मध्येच कापायची, इतकी जीभ चालायची. आता घरात मी आणि तिचा बाप बोलायचो आणि कात्री पुस्तकात डोकं घालून बसायची.

"होईल सवय," तिचा बाप म्हणायचा. तो वखारीत करवतीवर काम करतो, त्याला निम्मं ऐकू येत नाही. "उद्या साहेबीण झाली तर तुलाच मिरवायला बरं."

"साहेबीण झाल्यावर माझ्याशी बोलायला दुभाष्या ठेवेल का?"

"काय?"

"काही नाही. जेव."

ती ज्या शाळेत शिकते तिथेच मी झाडूपोछा करते. बारा वर्ग, दोन जिने, एक सभागृह. सफाईवाल्यांच्या मुलांना तिथे जागा मिळते, म्हणून तर मी ती नोकरी धरली. प्रवेशाच्या अर्जावर 'घरची भाषा' असा एक रकाना होता. कारकून हळूच म्हणाला, "मावशी, तिथे शाळेचीच भाषा लिहा. दुसरं काही लिहिलंत तर अर्ज गठ्ठ्याच्या तळाला जातो." मी लिहिली. पुढे कळलं, सगळ्यांनीच तीच लिहिली होती. साडेचारशे पोरं आणि कागदावर सगळ्यांच्या घरी एकच भाषा. खोटं बोलण्यात आम्ही सगळे आईबाप एकदम शिस्तीचे.

पोरांच्या तोंडाला मात्र अर्ज कळत नाही. मधल्या सुट्टीत अंगणात नुसता बाजार भरायचा, प्रत्येकाची वेगळी बोली. ते बंद करायला मुख्याध्यापिका बाईंनी, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, एक वही काढली. वर नाव होतं 'शिस्त नोंदवही'. पोरं म्हणायची 'बोलल्याची वही'. घरच्या भाषेत कोणी बोललं की त्यात नोंद. तारीख, कोण बोललं, कोणत्या भाषेत, काय बोललं, त्याचा अर्थ. काय बोललं ते कानाला ऐकू आलं तसं शाळेच्या लिपीत लिहायचं, आणि अर्थ बोलणाऱ्याकडूनच विचारून घ्यायचा. म्हणजे शिवी असेल तर शिक्षा दुप्पट करता येते. एका नोंदीला एक तास भिंतीकडे तोंड. मोठ्या बाई दर शनिवारी नावं मोजायच्या, खाली सही ठोकायच्या. मजकूर त्यांनी कधी वाचला नाही. कोण वाचतो पोराटोरांची बडबड!

पाचवीत गेल्यावर ती वही माझ्या लेकीकडे आली. अक्षर चांगलं आणि कान तिखट, म्हणून. छातीला निळा बिल्ला लावून आली तेव्हा मी तिला जवळ घेतलं. मूर्ख मी.

दुसऱ्याच आठवड्यात व्हरांडा पुसताना ती समोरून आली. मी सवयीनं आमच्या भाषेत विचारलं, "डबा संपवलास का गं?" ती "हो" म्हणाली, आमच्याच भाषेत, अगदी सहज. मग मागे वळून बघितलं. मोठ्या बाई जिन्यावर उभ्या होत्या. त्या लेकीच्या हातातल्या वहीकडे बघून नुसत्या हसल्या. बस, तेवढंच. तो "हो" शेवटचा.

त्याच वर्षी शाळेत फर्मान निघालं: भाषांचा उत्सव. वरच्या कार्यालयातून पाहुणे येणार, सगळ्या शाळांतून सर्वांत चांगल्या शाळेला मानचिन्ह देणार. फाटकावर कापडी फलक लागला: 'एक शाळा, तेवीस भाषा'. मी घंटावाल्या काकांना विचारलं, "हा तेवीसचा आकडा आला कुठून? अर्जावर तर एकच आहे."

काका शिडीवरून उतरत म्हणाले, "कुठून म्हणजे? शिक्षेच्या वहीतून. परवा कार्यालयात बाई आणि कारकून बसून मोजत होते. मीच चहा नेऊन दिला."

मला हसावं का फलक फाडावा, कळेना. आधी नरडं दाबायचं आणि मग त्याच गळ्यात हार घालायचा.

तालीम सभागृहात. प्रत्येक भाषेचं एक पोर स्टेजवर उभं करून 'आपलं स्वागत आहे' एवढंच म्हणवून घ्यायचं होतं. मी मागे लादी पुसत होते. तेवीस पोरं उभी आणि तेविसांची दातखीळ बसलेली. चार वर्षं ज्या बोलण्यासाठी भिंतीकडे तोंड केलं ते आता माईकमध्ये बोला म्हणे! पुढच्या दातांत फट असलेली एक चिमुरडी शेवटी म्हणाली, "बाई, नाव नाही ना लिहिणार?"

"नाही गं सोन्या, आज नाही लिहिणार."

"आणि उद्या?"

मोठ्या बाईंनी घड्याळात बघितलं.

घरी चिठ्ठ्या गेल्या: पालकांनी आपल्या भाषेतलं एक वाक्य लिहून पाठवावं. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच उत्तर परत आलं: आमच्या घरी शाळेचीच भाषा बोलतात. अर्जावर एकदा खोटं लिहिलेली माणसं, दुसऱ्यांदा कशाला खरं लिहितील? त्यांना वाटलं, पोरगं काढून टाकायचा हा नवा डाव. मीही तेच लिहिलं. ते मी लपवत नाही.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले आणि मोठ्या बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी माझ्या लेकीला बोलावलं. मी दाराशी बादली घेऊनच होते. "वही आहे ना तुझ्याकडे? सगळं लिहिलेलं आहे ना त्यात? मग प्रत्येक भाषेतलं एकेक वाक्य काढ आणि ज्याचं त्याच्याकडून पाठ करून घे. सूत्रसंचालनही तूच कर. स्वागत असो नाहीतर काही असो, पाहुण्यांना कुठे कळतंय!"

त्या संध्याकाळी लेक वही घेऊन घरी आली. पाय पोटाशी घेऊन बसली, पानं उलटत, मध्येच उठत, पाणी पीत, परत बसत. मी कणीक मळत होते. ती मोरीत हात धुवायला गेली आणि मी वहीत डोकावले. मला वाचता येतं, हळू येतं. बोट ठेवून वाचत गेले. एका पानावर बोट थांबलं. 'बोलणारी: झाडूवाली. वाक्य...' आणि पुढे माझेच शब्द, आमच्या भाषेतले, नीटनेटक्या अक्षरात. 'अर्थ: डबा संपवलास का.'

"हे मी ना?" मी विचारलं. हाताची कणीक पानाला लागली.

ती दारात उभी. "हो," शाळेच्या भाषेत.

"'आई' लिहिता येत नाही तुला? पहिला धडा असतो ना तो?"

"बाई मागे होत्या."

"बाई मागे होत्या म्हणून मी झाडूवाली?"

"तू झाडूवालीच आहेस ना!" ती ओरडली. मग येऊन त्या नोंदीखाली बोट ठेवलं. "पुढची नोंद माझी होती. मी 'हो' म्हणाले होते. ती मी लिहिली नाही. सगळ्यांची लिहिली, माझी नाही लिहिली. आता कळलं?"

तिचा बाप आतून म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. ती एका भाषेत, मी दुसऱ्या.

कार्यक्रमाचा दिवस आला. सभागृहाची लादी मी तीनदा पुसली. पाहुणे आले, पाच जण, पहिल्या रांगेत बसले. मी सगळ्यात मागे, दाराला टेकून, हातात पोछा. वर बावीस पोरं, कडेला माईकपाशी माझी लेक. निळा बिल्ला. हातात ती वही, माझ्या कणकेचा डाग असलेली.

पहिला मुलगा पुढे आला. त्याच्या भाषेतलं वाक्य खणखणीत म्हणाला. टाळ्या. फटदातवाली आली, म्हणाली. टाळ्या. मोठ्या बाई मान डोलवत होत्या. तालमीतही त्या अशाच डोलवायच्या, "छान, छान, अजून मोठ्यानं!" कानाला गोड लागत होतं ना सगळं.

पाचव्या पोरानंतर पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्या पाहुण्या म्हणाल्या, "किती सुंदर! बाळ, अर्थही सांग ना आम्हाला."

लेकीनं मोठ्या बाईंकडे बघितलं. मग वही उघडली.

"अर्थ: माझं पोट दुखतंय, मला घरी जायचंय. शिक्षा: एक तास."

कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबलं.

"आधीच्यांचेही सांगते," ती म्हणाली. आवाज पातळ होता, पण तुटला नाही. "पहिला. अर्थ: माझी चप्पल परत दे. एक तास. दुसरी. अर्थ: मला भीती वाटते, तू माझ्याजवळ बस. एक तास. तिसरा. अर्थ: आज माझ्या आजोबांना दवाखान्यातून आणणार आहेत. एक तास. चौथी..."

"पुरे, पुढचं घे!" मोठ्या बाई हसत हसत म्हणाल्या. ते हसू चिकटवलेलं होतं, एका बाजूनं सुटत होतं.

पुढचं घेतलं. पोरं आपापली वाक्यं म्हणत गेली आणि ती अर्थ सांगत गेली. धक्का देऊ नको. तुझ्याकडे जास्तीची पेन्सिल आहे का. बघ, फुलपाखरू. एवढ्या नोंदींत शिवी निघाली एक, तीही गाढवाची. सभागृहात कोणी टाळी वाजवत नव्हतं. चष्मेवाल्या पाहुण्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

बावीस झाले. तेविसावी ती स्वतः. आमची भाषा.

तिनं पान उलटलं. माझे शब्द वाचले, आमच्या भाषेत, माईकमध्ये, माझ्याच हेलात. मग शाळेच्या भाषेत म्हणाली, "बोलणारी: झाडूवाली, असं लिहिलंय. ते चूक आहे. बोलणारी: माझी आई. ती मागे उभी आहे. अर्थ: डबा संपवलास का."

सगळी डोकी वळली. मी पोछा तसाच धरून.

"या पुढची नोंद वहीत नाही," ती म्हणाली, वही मिटली, आणि माझ्याकडे बघून आमच्या भाषेत म्हणाली, "हो आई, संपवला. तू जेवलीस का?"

सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. साडेचारशे पोरं, पाच पाहुणे, समोर मोठ्या बाई. नोकरी गेली तर तिची जागाही जाणार, हे सगळं डोक्यात फिरलं. आणि मी तिथूनच, दारातून, आमच्या भाषेत ओरडले, "नाही गं! तुझ्या या उत्सवापायी कुठे जेवतेय!"

पोरं हसली. अर्थ कोणी विचारला नाही.

मानचिन्ह दुसऱ्या शाळेला मिळालं. माझी नोकरी राहिली, पाहुण्यांसमोर एवढं झाल्यावर मला काढायची हिंमत त्यांना झाली नसावी. पण नियम काही गेला नाही. असे नियम एका दिवसात जात नाहीत. मोठ्या बाईंनी जुनी वही कपाटात कुलूपबंद केली, लेकीचा बिल्ला काढून एका सहावीतल्या मुलीला दिला आणि नवी वही आणली.

सोमवारी कार्यालय झाडताना ती नवी वही टेबलावर दिसली. पुठ्ठ्याचा वास अजून ताजा. मी बोट ठेवून वाचलं. पहिल्या पानावर पहिलं नाव माझ्या लेकीचं. त्याखाली दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तिचीच. सकाळी आठ ते मधली सुट्टी एवढ्यात सात नोंदी.

खिडकीतून बघितलं. ती अंगणात भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या शेजारी, वहीत नाव नसतानाही, फटदातवाली. दोघींच्या माना हलत होत्या. भिंतीकडे तोंड करूनही त्या बोलतच होत्या.