त्रेचाळीस किल्ल्यांचा डबा

सकाळचे दहा वाजून गेले तरी समोरच्या कंपाउंडरकाकांनी दार उघडलं नव्हतं. शेजारची किराणावाली काकू हाका मारून मारून थकली. आतून हूं नाही की चूं नाही. दार लोखंडी, खिडक्यांना गज, आणि गावातला एकुलता एक किल्लीवाला नेमका बाहेरगावी. काकांची जादा किल्ली मावशीकडे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण एवढीच, की मावशी जाऊन आज पाचवा दिवस होता.

मावशी म्हणजे दिवसकार्यासाठी शहरातून आलेल्या लेकीची आई, पण गावाला ती मावशीच. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून एका शिवणयंत्रावर तिनं लेक वाढवली आणि निम्म्या गावाची अब्रू झाकली. माप द्यायला आलेली माणसं घराची जादा किल्लीही तिच्याकडे ठेवून जायची. किल्लीवर नाव मात्र ती लिहायची नाही. "नाव लिहिलं की चोराला आमंत्रणपत्रिकाच," म्हणायची. त्या त्या घरासाठी शिवलेल्या कापडाची चिंधी किल्लीला बांधायची, बस्स. कुठली कुणाची, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं.

लेकीनं आईचा किल्ल्यांचा डबा जमिनीवर उपडा केला. त्रेचाळीस किल्ल्या, त्रेचाळीस चिंध्या.

"पांढरी चिंधी असणार. काका म्हणजे पांढरा कोट!" ती म्हणाली. पांढऱ्या पाच निघाल्या. धावत जाऊन तिनं पाचही लावून पाहिल्या. एकही फिरेना.

"अगं, दवाखाना सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली," काकू ओरडली. "तू कुठल्या जमान्यात आहेस?"

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या डोक्यातलं गाव, ती ते सोडून गेली त्या दिवशीच थांबलं होतं. आई मात्र रोज खिडकीशी बसून माणसं म्हातारी होताना बघत होती, त्यांची जुनी कापडं उसवून ढिली करून देत होती. काका हल्ली काय घालतात हे आता विचारायचं कुणाला? आणि कळेपर्यंत ते आत... पुढचा विचार तिनं गिळून टाकला.

हताश होऊन तिनं वर पाहिलं. काकांच्या गच्चीवरच्या दोरीवर हिरव्या पट्ट्यांचा पायजमा वाळत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

हिरव्या पट्ट्यांची किल्ली पहिल्याच फटक्यात फिरली.

काका न्हाणीघराच्या दाराशी आडवे पडले होते. एक पाय अंगाखाली मुडपलेला, ओठ कोरडे. पण श्वास चालू होता. लेकीनं चमच्यानं पाणी पाजलं.

"सातला पडलो," ते पुटपुटले. "ओरडायला आवाज निघेना. म्हटलं, आत्ता मावशी हाक मारेल. रोज सातला मारायची. मग आठवलं..."

लेक तिथंच भिंतीला टेकून रडली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

काकांना दवाखान्यात पोचवून दोघी परत आल्या आणि विखुरलेल्या किल्ल्या गोळा करू लागल्या. एका किल्लीला पिवळ्या फुलांची चिंधी होती. मघाशी लेकीनं ती दोनदा बाजूला फेकली होती. आता तिला तो फ्रॉक आठवला. तिसरीतला, दोन खिशांचा. अकरा वर्षांपूर्वी "कधीही ये गं" म्हणून तिनं स्वतःच ही किल्ली आईच्या हातात दिली होती. आई कधी आली नाही. पण किल्लीला तेल लावलेलं होतं.

"ही कुणाची गं?" काकूनं विचारलं.

"माझी. माझ्या फ्लॅटची."

"तिकडे एकटीच राहतेस ना? मग तिथं तुझी जादा किल्ली कुणाकडे असते?"

लेकीनं शेजाऱ्यांची नावं आठवून पाहिली. एकही आठवलं नाही.