वलवणच्या सिस्टर

तिच्या तळहातांना एक आवाज होता. भातकापणी झाल्यावर खाचरात उरलेल्या पेंढ्यातून वारा गेला की जी कोरडी, हलकी सळसळ उठते, तसा. प्रसूतिकक्षाच्या दाराशी उभी राहून ती दोन्ही हात एकमेकांवर चोळायची, ओंजळीत एकदा श्वास सोडायची आणि मगच आत जायची. लोणावळ्याचं धुकं खिडक्यांच्या काचांना चिकटून बसलेलं असायचं, भिंतींना ओल असायची, धुतलेल्या चादरीसुद्धा दमट लागायच्या. त्या सगळ्या गारठ्यात वेणा देणाऱ्या बाईच्या अंगाला जो पहिला स्पर्श होईल तो उबदार असावा, एवढाच तिचा आग्रह होता. मी शेजारच्या कार्यालयात औषधांच्या मागण्या आणि पाळ्यांची वेळापत्रकं लिहीत असायचे. भिंतीपलीकडून ती सळसळ ऐकू आली की कळायचं, आता आतलं ओरडणं हळूहळू खाली उतरेल.

मंदाकिनी तिचं नाव. आम्ही दवाखान्यातली माणसं तिला मंदा म्हणायचो. वलवणला धरणाच्या बाजूला दोन खोल्यांत ती राहायची. नवरा ऐन तारुण्यात गेला आणि केतकी, तिची एकुलती लेक, तिने एकटीनेच मोठी केली. काही माणसांचा प्रकाश दिव्यासारखा असतो, जिथून येतो तिथेच डोळे दिपवतो. मंदाचा प्रकाश धुक्यातल्या सकाळीसारखा होता. तो नेमका कुठून येतो हे कधी दिसलं नाही, पण पायाखालची वाट मात्र दिसायची. आठवड्यातून एकदा ती दवाखान्याच्या गाडीतून पवनानगरला आणि गडाच्या पायथ्याशी लोहगडवाडीला जायची. उंबऱ्यावर टेकायची, तान्ह्याची नाळ बघायची, बाळंतिणीच्या सासूला न दुखावता दोन गोष्टी सांगायची आणि कोरा चहा पिऊन उठायची. तिचं बोलणं मोजकं होतं आणि चालणं त्याहून मोजकं. तिला घाई करताना मी कधी पाहिलं नाही, आणि उशिरा पोहोचलेलीही.

केतकी लग्न होऊन आयर्लंडला गेली, तिथे तिला मूल झालं, आणि मंदाच्या संथ दिवसांत पहिल्यांदा एक ओढ दिसू लागली. मात्र तिची अट होती. लेकीच्या घरी आई आश्रित होऊन बसली की दोघींच्याही नजरा हळूहळू जमिनीकडे वळतात, असं ती म्हणायची. "जाईन तर माझ्या कामावर जाईन. सिस्टर म्हणून जाईन." तिथे परिचारिका हव्याच होत्या. केतकीच्या घराजवळच्या एका रुग्णालयाने तिला घेण्याची तयारीही दाखवली. फक्त तिथल्या परिचारिका परिषदेचा परवाना हवा होता, आणि त्यासाठी नुसतं उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र पुरेसं नव्हतं. शिकताना वर्गात किती तास बसलात, कोणत्या विभागात रुग्णांजवळ किती तास उभ्या राहिलात, हे त्या परिचर्या विद्यालयानेच आपल्या शिक्क्यानिशी कळवावं लागत होतं.

ते विद्यालय उरलं नव्हतं. कधीच बंद पडलं होतं, चालवणारी संस्था विसर्जित झाली होती, प्राचार्या वारल्या होत्या, आणि इमारतीत आता पावसाळी सहलीला येणाऱ्यांसाठी वातानुकूलित खोल्या होत्या. मी कामाची बाई. कामं लिहून काढली की निम्मी होतात या श्रद्धेवर माझं आयुष्य चाललं आहे. मुंबईच्या परिचारिका नोंदणी कार्यालयात मंदाला घेऊन दोनदा गेले. ती पास झाली एवढंच त्यांच्याकडे होतं, तासांचा तपशील कधी आलाच नव्हता. मग आम्ही त्या इमारतीत गेलो. म्हाताऱ्या राखणदाराने मागच्या पत्र्याच्या शेडमधली ताडपत्री उचलली. कित्येक पावसाळे खाऊन जुन्या नोंदवह्यांचं एक काळपट, शेवाळलेलं ढेकूळ झालं होतं. त्याने त्यावर काठी आपटली. "ह्यो बगा तुमचा रेकार्ड. हितं आता निस्ती गोगलगाय शिकतीया." मंदा वाकली, एका कोपऱ्याचं पान नखाने सोडवू पाहिलं, ते पान म्हणून सुटलंच नाही, मऊ लगदा होऊन बोटाला लागलं. तिने तो पुसला नाही. घरी येईपर्यंत ती हात जरासा उघडाच धरून बसली होती.

ही गोष्ट वाड्यावस्त्यांवर कशी पोहोचली मला माहीत नाही. पण लोहगडवाडीच्या धोंडाबाईंनी, ज्या गडावर जाणाऱ्यांना ताक विकतात, दवाखान्यात येऊन मला दरडावलं, "कागद न्हाई तर आमी हाये की. आमाला इचारा म्हनावं." आणि खरंच, माघातल्या एका सकाळी वडगावच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसणाऱ्या वकिलांपुढे जीपभर बाया उतरल्या. त्या दिवसाची मजुरी सोडून, टपऱ्या बंद ठेवून, कुणी कडेवर पोर घेऊन. त्यांची प्रतिज्ञापत्रं करून परिषदेला पाठवायची, असं मी ठरवलं होतं.

वकिलांनी धोंडाबाईंनाच आधी बसवलं. "मावशी, या बाईंना ओळखता?"

"म्हंजी? माजी तिन्ही नातवंडं ह्यांच्याच हातची."

"बरं. यांचं नाव सांगा."

"सिस्टर."

"ते काम झालं. नाव?"

धोंडाबाईंनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी एकमेकींकडे. पवनानगरची सुनंदा, जिचा नवरा धरणात मासे धरतो, हळूच म्हणाली, "वलवणच्या सिस्टर. मी इचारलं हुतं एकदा. पोरीला त्यांचंच नाव द्यायचं हुतं. तर म्हनल्या, तुज्या आईचं ठेव. म्हनून आमची पारू झाली."

वकील चष्मा काढून म्हणाले, "ज्यांचं नाव माहीत नाही त्यांना ओळखता, असं मी कसं लिहिणार?"

"वकीलसायेब," धोंडाबाई म्हणाल्या, "तुमच्या येळंला तुमच्या आईनं सुईणीचं नाव इचारलं असंल का वो?"

चिंचेखाली हशा पिकला, वकीलही हसले. शेवटी मीच नाव सांगितलं. मंदाकिनी. धोंडाबाईंनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "यवढं लांब? बरं झालं इचारलं न्हाई. हाक मारून हुईस्तवर पोर भाईर आलं असतं." मग त्या सगळ्या सावलीत बसून शाळेतल्या मुलींसारखं ते नाव पाठ करू लागल्या, कुणी अडखळत, कुणी एखादं अक्षर गिळून. मंदा बाकावर होती. इतकी वर्षं ज्यांच्या घरांत ती ऊब नेत राहिली त्यांच्या तोंडून स्वतःचं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती हसली आणि हसतानाच तिने पदर डोळ्यांना लावला. चिंचेची पानं इतकी बारीक असतात की त्यांच्यातून ऊन अडतही नाही आणि पुरतं खालीही येत नाही. तसलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

अंगठे आणि सह्या समुद्रापार गेल्या. उत्तर सौम्य होतं, आदबशीर होतं. विद्यालयाखेरीज अन्य कोणाचीही साक्ष ग्राह्य धरता येत नाही, तरी अर्जदारास शुभेच्छा.

तरीही मंदा गेली. त्या रुग्णालयात नाही. केतकीच्या घराजवळ वृद्धांचा एक आश्रम आहे, तिथे मदतनीस म्हणून. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. औषधाच्या कपाटाला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. काही बिनसलंसं वाटलं तर घंटा दाबून नर्स येईपर्यंत थांबायचं. केतकी म्हणते, आई घरात आहे, बाळाला आजी आहे, आणखी काय हवं. खरंच आहे ते. मंदाही तेच म्हणते.

एकदा मात्र फोनवर बोलता बोलता तिने सांगितलं, "काल एका आजींचे केस विंचरत होते. त्यांचा हात माझ्या मांडीवर होता. माझी बोटं कधी मनगटावर गेली कळलंच नाही गं. मी आपली घड्याळाकडे बघत मोजतेय. तेवढ्यात तिथली नर्स दारात आली. रागावली नाही हं. गोड मुलगी आहे, केतकीपेक्षाही लहान. म्हणाली, ते आमच्यावर सोडा. मी बोटं उचलली."

"मग?"

"मग काय. केस राहिले होते ना. विंचरले."

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता, इकडे आमच्या दवाखान्यात कुणीतरी बादली सरकवत होतं. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. माझ्या कामांच्या यादीत जिच्यापुढे काय लिहावं ते सुचत नाही, अशी ही पहिलीच नोंद असावी.

परवा पवनानगरहून एक बाई आली, दिवस भरत आलेली, सोबत सासू. प्रसूतिकक्षाच्या दाराशी थोडं रेंगाळून ती माझ्या खिडकीपाशी आली. "त्या सिस्टर कुटं गेल्या वो? माजी थोरली भन त्यांच्याकडंच मोकळी झाल्ती."

"परदेशी. लेकीकडे."

"मग तितं बी सिस्टरच असतील न्हवं?"

मी तिच्याकडे पाहिलं. धुकं ओसरून मागच्या डोंगराची कड नुकती दिसू लागली होती.

"हो," मी म्हणाले. "तिथंही सिस्टरच."

ती समाधानाने बाकावर टेकली. गेलेल्या माणसासाठी आठवण बहुधा एवढंच करू शकते. त्याचं काम अजून कुठेतरी चालू आहे असं ती शपथेवर सांगते, आणि काळ, ज्याच्याकडे सगळे पुरावे असतात, तोही तेवढा क्षणभर गप्प राहतो.